वाटकृपा

रजा टाकून उन्हात चालायचं, पाठीवर अख्खं बिऱ्हाड घ्यायचं आणि पाय सुजले की त्याचाच उत्सव करायचा, हा प्रकार हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला समजावून सांगणं कठीण. पण ‘लदेणीची वाट’ चालणारी पुण्याकडची मंडळी कुणाला समजावत बसतच नव्हती. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे ज्या वाटांनी जात, त्या कुणीतरी फोनमधल्या नकाशावर जोडल्या होत्या आणि आता हौशी लोक महिनाभर त्यांवरून चालत. चालत कसले, वरात काढत! गाणी, टाळ्या, भर दुपारीही पाण्याच्या बाटलीतून फिरणारी रम, आणि कुणी घसरून पडलं की आधी फोटो, मग हात.

त्यांचे कायदेही त्यांचेच. वाटेवर खरं नाव सांगायचं नाही, आडनाव तर नाहीच नाही. बँकेतून निवृत्त झालेले प्रेमानंद इथे ‘ढेकर’ होते आणि दातांची डॉक्टर शिला ‘शिट्टी’. सगळ्यांत मागे राहणाऱ्या निलमला पहिल्याच दिवशी ‘कासव’ नाव पडलं आणि ते तिनं आनंदानं घेतलं. कुठली, कुणाची, असं कुणी विचारत नाही, याचं तिला केवढं सुख वाटत होतं! ऑफिसात मान खाली घालून जेवणारी निलम इथे शेकोटीपुढे नाचत होती आणि स्वतःचं हसणं ऐकून स्वतःच चकित होत होती.

दुसरा कायदा वाटकृपेचा. वाटेच्या कडेला कुणी अनोळखी माणसानं खायचं-प्यायचं ठेवलेलं सापडलं, तर ती वाटकृपा. ती नाकारायची नाही, कण मागे ठेवायचा नाही, आणि न दिसणाऱ्या दात्याच्या नावानं मोठ्यानं जयघोष करायचा. कुरुंद्याच्या शिवारात बांधावर केळीचा घड सापडला होता. डोंगरकड्याच्या पुढे बाभळीला ताकाची कळशी टांगलेली होती. दोन्हीकडे जयघोष झाला, फोटो झाले. मराठवाड्यातले लोक किती गोड, असं सगळ्यांनी वाटेच्या जाहीर ग्रुपवर लिहिलं.

पुसेगावकडचा माळ जवळ आला तशी निलमची बडबड वाढली. त्या माळाच्या पलीकडच्या तांड्यात तिचे आई-बाप होते. लग्नाच्या आदल्या रात्री, दारात मांडव आणि घरात पाहुणे असताना, ती तिथून निघून गेली होती. नवरा मुलगा वाईट होता असं नाही. तिला शिकायचं होतं आणि तिचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंतर तिनं केलेला फोन लालसिंगानं, तिच्या बापानं, एकदाही उचलला नाही.

आता तिनं मनाशी एक बेत आखला होता आणि अजून कुणाला सांगितला नव्हता. संध्याकाळी ही सगळी गोंगाटी पलटण घेऊन सरळ दारात उभं राहायचं. बानं आयुष्यात दारातला पाहुणा परत पाठवला नव्हता. पाहुण्यांच्या गर्दीत का होईना, एकदा उंबरा ओलांडता आला की पुढचं याडी, तिची आई, सांभाळून घेईल. याडीच्या हातचं खायला मिळालं की सगळं नीट होईल, एवढीच तिची आशा होती.

टाचेच्या फोडानं त्या दिवशी ती फारच मागे पडली. माळावरच्या मोठ्या चिंचेपाशी पोचली तेव्हा तिथे पार्टी रंगात आली होती. प्रेमानंद पागोटं बांधून नाचत होते. मधोमध एक पितळी ताट होतं आणि शेजारी संत्र्याच्या गोड सरबताची बाटली, जिच्यात आता अर्धी रम होती.

“कासव आलं!” शिलानं हात नाचवला. “वाटकृपा! या वाटेवरची सगळ्यांत भारी वाटकृपा! बघ, बांगड्यासुद्धा ठेवल्यात!”

तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या कोऱ्या बांगड्या होत्या.

“तुझ्यासाठी घासभर ठेवलाय,” प्रेमानंद म्हणाले. “आ कर. नाही म्हणायचं नाही, कायदा आहे.”

निलमनं आ केला. चुरमा. गव्हाच्या रोटीचा, भरपूर तुपातला, गुळात बडीशेप आणि भाजलेलं खोबरं घातलेला. अख्ख्या तांड्यात चुरम्यात बडीशेप एकच बाई घालायची. निलमचे डोळे एकदम भरून आले. ग्रुपवर रोज फोटो पडत होते, तांड्यातल्या पोरांनी ते पाहिले असणार, याडीला दाखवले असणार. याडीनं वाटेवर ताट पाठवलं! आवडतं सरबत, बांगड्या, सगळं. म्हणजे घरचं दार उघडं होतं, आणि ती वेडी उगीच इतकी वर्षं घाबरत राहिली होती.

“दात्याचा विजय असो!” सगळे ओरडले आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

एवढा ओरडा ऐकून पार लांबच्या बांधाच्या पलीकडून दोन माणसं उठून उभी राहिली. आधी लालसिंग. पार वाळला होता. त्याच्या मागे हातात पाण्याचा तांब्या घेतलेली मिराबाई, निलमची याडी. दोघं चिंचेखाली आली. लालसिंगाची नजर थेट ताटावर गेली आणि ताट चाटूनपुसून रिकामं पाहून त्याचा चेहराच उतरला.

“काका, तुम्हीच ठेवलं होतं का हे?” प्रेमानंदांनी हात जोडले. “फार आभार! कण मागे ठेवला नाही बघा.”

“कोन खाल्लं?”

“आम्ही सगळ्यांनी. शेवटचा घास हिनं, आमच्या कासवानं.”

मिराबाईनं तेव्हा पोरीकडे पाहिलं आणि तांब्या छातीशी घट्ट धरला. निलम हसत पुढे झाली होती, पण आईचा चेहरा पाहून तिचं पाऊल तिथंच थबकलं.

“ते वाटसरांसाठी नव्हतं,” लालसिंग म्हणाला. तो मराठीत बोलत होता, सावकाश, परक्या माणसाशी बोलावं तसा. “माजी एक पोरगी हुती. दारात मांडव घातला हुता अन् ती गेली. आमच्यासाठी ती मेली. दरसाली ह्या तिथीला तिच्या नावानं ताट ठेवतो. कावळ्याची रीत आमच्या तांड्याची न्हाई, खालच्या गावची हाय. तरी बी मी धरली. ताट ठिवायचं, कावळा बुजू नये म्हनून लांब आडोशाला बसायचं, वाट बघायची.”

शिलानं घाईघाईनं बांगड्या उतरवायला घेतल्या. एक मनगटातच फुटली. प्रेमानंदांनी डोक्याचं पागोटं सोडलं, पण ते हातात घेऊन कुठे ठेवावं हेही त्यांना सुचेना.

“कावळा एकदा बी शिवला न्हाई!” मिराबाईला आता राहवेना. “दरसाली ताट जसंच्या तसं. मी म्हनून राहिले, पोरगी मेलीच न्हाई तर शिवंल काहून? भांडले, रडले. तवा ह्या साली देवीपुढं बोलले हे. औंदा बी शिवला न्हाई, तर पुन्याला जाऊन पोरीला घरी घेऊन येतो, असं बोलले. आन शिवला तर तिचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. सकाळधरनं ह्येच हात जोडून बसले हुते. शिवू नको म्हनून.”

निलमच्या तोंडात घासाचा शेवटचा भाग अजून होता. तिला तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. बा तिला आणायला येणार होता. नुसतं ताट ऊन उतरेपर्यंत तसंच राहायला हवं होतं, एवढंच. आणि ती मेल्यावर तिला घातलेलं जेवण तिनं मिटक्या मारत खाल्लं होतं, वर जयघोष केला होता.

“बा,” ती कशीबशी म्हणाली. मग तांड्याच्या बोलीत, लहानपणी म्हणायची तसं, “बा, मी आलेय. मी जित्ती आहे. मला माहीत नव्हतं.”

लालसिंगानं तिच्याकडे पाहिलं. त्याचा हात तिच्या डोक्याकडे जायला निघाला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तो हात खाली वाकला आणि त्यानं ताट उचललं.

“तुमचं नाव काय, बाई?” त्यानं मराठीत विचारलं.

“निलम.”

“ताट शिवलं. निलम आताच जेवून गेली,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “तुमी तिच्याच पंगतीला हुता. बराबर झालं. पोटभर जेवून गेली.”

आणि तो तांड्याच्या दिशेनं चालू लागला. देवीपुढचा शब्द पाळणारा माणूस म्हणून तांड्यात त्याचं नाव होतं, आणि त्या क्षणी निलमला जगातल्या सगळ्या शब्दांची, कायद्यांची आणि ते पाळणाऱ्यांची चीड आली. त्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि घास नरड्यात अडकला. खोकून खोकून ती गुडघ्यावर आली. शिला पाठ चोळायला धावली.

मिराबाई नवऱ्यामागे निघाली होती. ती थांबली, परत आली, तांब्यातलं पाणी तिनं पोरीच्या ओंजळीत ओतलं. निलमनं तिचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा मिराबाईनं पुढे जाणाऱ्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि एकेक बोट सोडवलं.

“दमानं प्या, बाई,” ती मराठीत म्हणाली. “तुमची घरी कोनी वाट बघत आसंल.”