दुकानातलं सरकारी टेबल

शिक्केवाल्या बाईंचं डोकं तापायला ऊन वर यावं लागत नसे. कार्यालयाचं कुलूप काढून बाहेरच्या बाकांकडे एक नजर टाकली की पुरे. बाकांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळे एप्रन.

निळा एप्रन म्हणजे मोठ्या रस्त्यावरचं ते अवाढव्य दुकान. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली आणि सगळं स्वस्त. तिथे राबणारी माणसं बाईंकडे यायची, कारण बाईंचं कार्यालय सरकारी मदतीचं होतं. ज्यांचं कमाईत भागत नाही त्यांना धान्याचं कार्ड, घरभाड्याला हातभार, दवाखान्यात सवलत. अर्ज तपासायचे आणि शिक्का मारायचा, हे बाईंचं काम. नोकरीला लागल्या तेव्हा रांगेत काम सुटलेले, अंथरुणाला खिळलेले, एकटे पडलेले म्हातारे असत. आता अर्धी रांग नोकरदारांची. "काम काय करता?" असं विचारलं की समोरचा नुसता स्वतःच्या एप्रनकडे बोट दाखवी.

त्या दिवशी तर कहर झाला. कार्डाची मुदत संपत आलेली, म्हणून झाडून सगळे एकाच सकाळी आलेले. मधल्या बाकावर गल्ल्यावरची मावशी ऐसपैस बसली होती. दुकानातली सर्वांत जुनी बाई ती, सगळ्यांचीच मावशी. तिथेच बसून ती दुकानातल्या कामाच्या पाळ्या लावत होती. "तू दुपारी ये. तुझे गुडघे दुखतात ना, मग तू कपड्यांच्या घड्या घालायला बस, उभं राहायला नको. आणि ए, तू परवा दांडी मारलीस, रविवारी तूच."

"मावशी," बाई खिडकीतून ओरडल्या, "हे कार्यालय आहे की तुमच्या दुकानाचं मागचं दार?"

"रागावू नका हो बाई. दुकानात एकाचं तोंड दुसऱ्याला दिसत नाही. सगळे एकत्र सापडतात ते इथेच."

बाकांवर हशा पिकला. बाईंनाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात दारातून दुकानाचे मॅनेजर आत आले. त्यांना सगळे हसरे साहेब म्हणत. कुणाला कामावरून काढतानाही त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ढळत नसे.

"मॅडम, दुकान उघडायला माणूस नाही हो. माझ्या लोकांना जरा लवकर मोकळं करा ना."

"तुमचे लोक?" बाईंनी चष्मा काढला. "साहेब, तुमच्या लोकांचं पोट भरेल एवढं तुम्ही द्या. मग ते माझ्याकडे कशाला येतील? मला काय त्यांची हौस आहे?"

"बाजारात जो दर आहे तोच देतो मॅडम. आणि योजना आहेच की सरकारची. लोकांनी घ्यावी म्हणूनच काढलीय ना?" साहेब आणखी रुंद हसले.

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते गिळून त्यांनी पुढचा अर्ज ओढला आणि शिक्का असा हाणला की टेबल हादरलं.

आठवडा उलटला नाही तोच बाईंच्या वरिष्ठांनी त्यांना बोलावलं. स्वारी खुशीत होती. हसरे साहेब भेटून गेले होते. दुकानातच मदतीचं टेबल लावायचं ठरलं होतं. जागा दुकानाची, वीज दुकानाची, चहासुद्धा दुकानाचा. बसायचं बाईंनी.

"लोकांची खेप वाचेल," वरिष्ठ म्हणाले.

"दुकानाची वाचेल, साहेब. म्हणजे आता पगारातली तूट भरून द्यायला सरकारने त्यांच्या दारात जायचं? उद्या मला एप्रनही घालायला लावाल!"

"तुम्ही फार ताणता बुवा," वरिष्ठांनी कागद पुढे सरकवला. विषय संपला.

घरी आल्या तर नवरा सोफ्यावर टॉवेलांचा ढीग घेऊन बसलेला. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कर भरायचे दिवस आले की तो जेवताना सरकारच्या नावाने बोटं मोडायचा, आणि जेवण झालं की निळ्या दुकानात खरेदीला जायचा.

"बघ तरी, काय भावात मिळाले! असं कुठे मिळतं सांग."

"या टॉवेलांचे पैसे आपण दोनदा दिलेत," बाई पिशवी आपटत म्हणाल्या. "एकदा गल्ल्यावर आणि एकदा करात. त्या गल्ल्यावर बसते ना, तिच्या घरचं धान्य तुझ्या करातून जातं."

नवऱ्याने टॉवेल उलटसुलट करून पाहिला. "मग परत देऊन येऊ?"

"राहू दे आता. निदान पुसून तरी घे तोंड."

दुकानात हसरे साहेबांनी टेबल मागच्या जेवणाच्या खोलीत, ताटं ठेवायच्या मांडणीआड लावून ठेवलं होतं. बाईंनी कागद काढून दाखवला. त्यात सरकारी भाषेत साफ लिहिलं होतं की मदतीचं टेबल सर्वांना सहज दिसेल अशा ठिकाणी असावं. ओळ वरिष्ठांनी जुन्या कागदावरून तशीच उतरवलेली, कुणी धड वाचलीही नव्हती. बाईंनी मात्र वाचली होती. त्यांनी टेबलाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मावशीला धरायला लावलं आणि ते आणून गल्ल्यांच्या रांगेशेजारी ठेवलं, 'सगळ्यात स्वस्त' या भल्यामोठ्या पाटीखाली.

गिऱ्हाइकं थांबायला लागली. एक आजोबा हातात पिशवी धरून टेबलाशी आले.

"इथे काय मिळतं?"

"सरकारी मदत."

"कुणाला?"

"आत्ता तुमचं बिल ज्यांनी केलं, त्यांना."

आजोबांनी वळून मावशीकडे पाहिलं. "काम करतात की त्या!"

"करतात ना. सकाळपासून बूड टेकलेलं नाही."

"मग मदत कशाला?"

"तेच मीही विचारते, आजोबा. मला कुणी सांगत नाही. तुम्ही आत साहेबांच्या केबिनमध्ये विचारून बघा, तुम्ही गिऱ्हाईक आहात."

आजोबा खरंच गेले. त्यांच्यामागून आणखी काही गेले. केबिनबाहेर बोलाचाली व्हायला लागल्या. बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. कित्येक वर्षं एकट्या खिडकीत बसून चरफडल्या होत्या, आता निदान चारचौघांना दिसत तरी होतं.

पण दुपारी एका गिऱ्हाइकाने गल्ल्यावर मावशीशी सुट्ट्यावरून हुज्जत घातली आणि जाता जाता तोंड टाकलं, "आमच्या करावर पोसलेले लोक, आणि वर तोरा बघा!"

मावशीने पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल केलं. पाळी संपल्यावर ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही मोठ्या हुशार. साहेबांची जिरवलीत. पण शोभा कुणाची झाली? माझ्या सुनेला ठाऊक नव्हतं मी कार्ड घेते ते. आज सगळ्या वस्तीला ठाऊक झालं."

बाईंचा चेहरा उतरला. "मावशी, माझ्या मनात तसं..."

"मनातलं राहू द्या हो. टेबल तुमचं, तोंड माझं." ती तडक निघून गेली.

बाईंना रात्री जेवण गेलं नाही. राग होताच, पण तो कुणावर काढायचा हे आता कळेना. स्वतःवरही थोडा होता.

टेबल फार दिवस टिकलं नाही. दुकानाच्या वरच्या लोकांपर्यंत बोभाटा गेला आणि ते मुकाट्याने उचललं गेलं. बाई पुन्हा खिडकीत येऊन बसल्या. मग एक दिवस बातमी आली की दुकानाने पगार वाढवला. वाढ कसली, नुसती चिमूटभर. पण दुकानाच्या दारावर फलक लागला, फुगे लागले, हसरे साहेबांचा फोटोही लागला.

आणि त्या चिमटीने घात केला. मदतीसाठी कमाईची जी हद्द होती, ती मावशीने आणि तिच्यासारख्या कितीतरी जणींनी जेमतेम ओलांडली. पगारात आलं त्याहून जास्त कार्डातून गेलं. कार्डं रद्द करायच्या कागदांवर शिक्के मारायचे होते बाईंनीच. त्यांनी वरिष्ठांशी कडाक्याचं भांडण केलं, नियम बदला म्हणून वर लिहिलं. उत्तर आलं नाही. शेवटी शिक्के मारले.

मावशी तिचं कार्ड परत द्यायला आली. बाईंना वाटलं, आता ही आपल्याला फाडून खाणार.

"पगार वाढला म्हणून हसू की बोंबलू, सांगा बाई," मावशी खुर्चीत धपकन बसली. "एक मात्र झालं. आता लाजायला काही उरलं नाही. सुनेलाही सांगून टाकलं."

"आता काय करणार?"

"काय करणार! इतकी वर्षं कमी पडलं की तुमच्याकडे यायचे. आता ज्याच्याकडे राबते त्याच्याकडेच जाईन."

ती एकटी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला सगळे निळे एप्रन हसरे साहेबांच्या केबिनसमोर उभे होते. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. गल्ले बंद, दारं बंद, बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलेली. बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, प्लीज, या आणि यांना जरा समजावा. तुमचं ऐकतात ते."

"मी कशी येणार साहेब? त्यांची नावं माझ्या यादीतून निघाली. आता ते सगळेच्या सगळे तुमचे."

हसरे साहेब हसत होते की नाही, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता.

पूर्ण दिवस तसा गेला. संध्याकाळी वरून कुणीतरी आलं आणि बोलणी झाली. पगारवाढ मागितली होती त्याच्या अर्धीच मिळाली, तीही सगळ्यांना नाही. संध्याकाळच्या पाळीवाल्यांना नुसतं आश्वासन मिळालं. मावशीचं मात्र कार्डाविना भागायला लागलं, ओढून ताणून का होईना.

बाई सकाळी कुलूप काढतात तेव्हा बाकांवरचे निळे एप्रन जरा कमी दिसतात. संध्याकाळच्या पाळीवाल्यांपैकी ज्यांची कार्डं टिकली, ते अजून येतात. आणि त्यांच्या शेजारी हल्ली हिरवे एप्रन दिसायला लागलेत. गावात नवं दुकान उघडलंय, निळ्यापेक्षाही स्वस्त.