तात्यांचं तोंड शेळ्यांकडे

दादासो तात्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल, मागे निळंशार आभाळ! पुढे दुसऱ्या कुणाचा वाढदिवस आला, तसा तो वडूजच्या रस्त्यावरून उतरवावा लागला. पण फेकून कोण देतं? तात्यांनी तो धाकट्या भावाच्या, धनाजीच्या, गोठ्यावर छप्पर म्हणून ताणून बांधला. तोंड अर्थातच वर. रस्ता उंचावरून जात असल्यामुळे एसटीच्या खिडकीतून तात्या अजूनही झकास दिसत. हे त्यांनी मुद्दाम तिकीट काढून, एसटीत बसून बघून घेतलं होतं.

धनाजीची साक्षी सांगलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगळूरच्या एका संस्थेत खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायची संधी होती. राहणं-जेवण फुकट. पण त्यासाठी स्वतः केलेला एखादा प्रयोग दाखवायचा होता. पोरीने विषय काय घ्यावा? फ्लेक्सच्या छपराखाली शेळ्यांना किती उकडतं! गावी आल्यावर तिने एक थर्मामीटर आपल्या गोठ्यात टांगला, दुसरा शेजारच्या नाथाजीच्या गवताच्या छपराखाली. शेळ्यांना उकडत होतंच, धापा टाकत होत्या बिचाऱ्या.

"तात्या, ह्यो फ्लेक्स एकदा उलटा घालू द्या की. मागची बाजू पांढरी हाय, ऊन कमी खाईल," साक्षी म्हणाली.

"आन माझं तोंड?"

"खाली. शेळ्यांकडं."

तात्या असे भडकले म्हणता! "माजी उपसरपंच हाय मी! शेळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघत रवंथ करायचं व्हय?"

धनाजी थोरल्या भावापुढे चकार शब्द काढत नसे. विषय तिथेच मिटला.

मुलाखत सांगलीत, साक्षीच्याच कॉलेजात होती. तात्या बरोबर निघाले. मुलाखतीला पोरीला एकटं कसं पाठवायचं? वाटेत त्यांनी कंडक्टरला मोबाईलवर नव्या फ्लेक्सचं डिझाईनसुद्धा दाखवलं. 'कु. साक्षीची शास्त्रज्ञपदी निवड!' निवड अजून व्हायची होती, पण तयारी असलेली बरी. त्यात साक्षी कोपऱ्यात होती आणि तात्या तिच्या दुप्पट.

कॉलेजात तात्या बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. आतून मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला, "कल्पना छान आहे गं. पण हाच फ्लेक्स उलटा घालून का नाही बघितलास?"

तात्या बाकावरून अर्धे उठले. पोरगी काहीही सांगू शकली असती. वेळ नव्हता म्हणाली असती, वारं होतं म्हणाली असती.

"मॅडम, त्याच्यावर माझे तात्या आहेत," साक्षी म्हणाली.

आत हशा पिकला. तात्यासुद्धा हसायला लागले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हसं कुणाचं होतंय.

"पण तुलना अर्धीच राहिली," बाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत उरलेल्या नोंदी पाठव. त्याशिवाय निवड करता यायची नाही."

परतताना तात्यांनी भडंगाचा पुडा घेऊन दिला. साक्षीने तो वडूजपर्यंत फोडला नाही. 'तुमच्यामुळं झालं' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी तात्यांनी कडाकडा भांडून मन मोकळं केलं असतं. पण ती बोललीच नाही. अशा गप्प पोरी लय वाईट! तात्यांना रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

सकाळी ते लेंगा खोचून शिडीवर चढले आणि छपराच्या दोऱ्या सोडू लागले. शेळ्या ओरडल्या. साक्षी धावत बाहेर आली आणि बघतच राहिली.

"बघतीस काय? खालनं दगड दे, उलटा घातल्यावर वाऱ्यानं उडंल!" तात्या खेकसले.

दुपारी ऊन रणरणत होतं. तात्या गोठ्यातच मांडी घालून बसले होते. डोक्यावर त्यांचाच भला मोठा गॉगल. नाथाजीच्या गोठ्यात पारा परवाच्याच जागी होता. साक्षीने आपल्याकडचा थर्मामीटर दोनदा पाहिला.

"कमी झालं का गं?"

"पाच अंशांनी, तात्या!" तिचे डोळे भरून आले.

"मग रडतीस कशाला? लिहून घे की!" तात्या म्हणाले, आणि उगाचच एका शेळीची दोरी सोडून परत बांधत बसले.

निवड झाली. तात्या त्याच पावली वडूजला फ्लेक्सवाल्याकडे गेले.

"तुमचा फोटो मधी घालू का वर?" त्याने विचारलं.

"माझा नकोच. पोरीचाच घाल, मोठा. आन पाठ पांढरी पायजे."

"पाठ कोण बघतंय, तात्या?"

"ऊन बघतंय. नंतर नाथाजीच्या गोठ्यावर घालायचाय, त्याचं गवत कुजलंय," तात्या म्हणाले. "शेळ्यांनीबी बघू दे तिचं तोंड. त्यांच्यासाठी तर केलंय सगळं पोरीनं."