बोटीची डावी बाजू

आमच्या वाडीत माणूस आजारी पडलं तर शेजारपाजारचे चौघे बघायला येतात. बोट आजारी पडली तर अख्खी वाडी येते. धरणाच्या पाण्यानं आम्हाला तिन्ही बाजूंनी वेढलंय. पलीकडच्या काठाला लागल्याशिवाय ना खर्डीची रिक्षा मिळते, ना शेणव्याची जीप. आणि पलीकडे नेणारी मोटारबोट एकच, आमच्या ह्यांची. ह्यांचं नाव गणू. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आत्ता घेते आहे. हसायचं तर हसा.

बोट जुनी आहे. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टकडून आलेली. बूड पाझरतं, म्हणून रात्रभर तिला काठावरची वीज लागते. नळयोजनेच्या पंपघरातून एक जाड केबल येते, तिच्या टोकाला मुठीएवढा प्लग आहे. तो बोटीच्या सॉकेटात घालायचा आणि त्याचं कडं फिरवून आवळायचं. मग बॅटरी चार्ज होते आणि तळातला पंप पाणी उपसत राहतो. दिवसा बोट आम्हाला तारते, रात्री आम्ही तिला.

आता ते सॉकेट कुठे? मागे, उजव्या अंगाला, तेही बाहेरून. डाव्या हातानं दांडी धरून पाण्यावर ओणवं व्हायचं आणि उजव्यानं कडं आवळायचं. बसवणाऱ्याला कधी स्वतः प्लग लावायला लागला नसणार.

श्रावणात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. जीभही सावरली, आणि शिव्यांसकट सावरली. उजवा हात मात्र राहिला. हलतो, पण मुठीत जोर नाही.

तरी हट्टानं बोटीवर गेले. संध्याकाळी प्लग लावला, कडं काही नीट आवळलं गेलं नाही. रात्री वाऱ्यानं बोट हलली, प्लग सुटला, पंप थांबला. सकाळी बोट बसायच्या फळ्यांपर्यंत पाण्यात! बादल्यांनी पाणी उपसताना कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर ह्यांनी दोन शिव्या हासडून मन मोकळं तरी केलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "दसऱ्याला बोट साईनाथला देऊन टाकतो."

साईनाथ शेजारचा. आजारपणात त्यानंच बोट चालवली, माणूस चांगला. पण त्या दिवसापासून हे काठावर उतरेनात. पडवीत बसायचे, तेही पाण्याकडे पाठ करून. माझ्या नवऱ्याला मी रागावलेला बघितलाय, तापात बरळताना बघितलाय. असा गप्प बसलेला कधी बघितला नव्हता. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

जेवणाची तर तऱ्हाच होती. मी भरवायला गेले की तोंड फिरवायचे, आणि डाव्या हातानं जेवायची लाज. मी स्वतः जन्माची डावखुरी. सासूबाईंनी ताटावर बसताना माझ्या डाव्या हातावर उलथनं मारून मारून मला उजव्यानं जेवायला लावलं. एका संध्याकाळी मी दोघांची ताटं समोरासमोर मांडली आणि सरळ डाव्या हातानं भात कालवायला घेतला.

हे बघत राहिले. "आयनं बघितला असता तर?"

"वरून बघतायत त्या. बघू दे."

तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसले, आणि डावा हात ताटात घातला. अर्धा भात सांडला. मी सांडलेल्या भातावर कोंबड्यांना बोलावलं.

हात धुताना माझी नजर कुडाला खोचलेल्या विळ्यावर गेली.

त्या विळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. लग्नानंतरच्या पहिल्या कापणीत मी सगळ्यांच्या मागे पडायचे. दातेरी विळ्याला धार एकाच अंगाला असते, उजव्या हाताच्या सोयीची. माझ्या हातात तो भातावरून नुसता घसरायचा. सासूबाईंनी निकाल दिला, सून कामाची नाही. हे उठले ते थेट मुरबाडला गेले, लोहारापुढे ठाण मांडून बसले आणि उलट्या अंगाला धार असलेला विळा घडवून आणला. आईसमोर ठेवून म्हणाले, "बायको उलटी नाय, विळा उलटा व्हता."

डाव्या हातानं जेवलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कुणालीकडे गेले, बोटीचं सॉकेट डाव्या अंगाला घ्यायला सांगायला. कुणाली माझ्या दिराची मुलगी, वायरमनचं काम शिकलेली.

"काकी, सॉकेट हलवायचा म्हंजे नुसता उचलून ठेवायचा नाय," ती म्हणाली. "वायर आतून फिरवायला लागल. आन् वायरिंग सगळी कुजलेली हाय."

"मग कुजलेली काढ. पण काकाला कळता कामा नये. कळला तर म्हणेल, माझ्यावर दया करताव."

कुणालीनं काम मनावर घेतलं. जुन्या सॉकेटाचं भोक फायबरचा तुकडा लावून बुजवलं. नवं सॉकेट डाव्या अंगाला, चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेशेजारी, कमरेच्या उंचीवर. बसल्या बसल्या हात पोचावा असं. करंट कुठे गळला तर आपोआप पडणारा स्विच बसवला, चार्जर नवा घातला. वेग कमीजास्त करायचा दांडाही उजवीकडून डावीकडे आणला.

सगळं झालं, बोट काठाला आणली, आणि आम्ही दोघींनी कपाळाला हात लावला. बोट काठाला लागते ती उजव्या बाजूनं. सॉकेट आता पाण्याच्या बाजूला! केबल न्यायची तर अख्ख्या बोटीवरून आडवी, शेवटच्या खेपेला उतरणारी पोरं आणि शेळ्या यांच्या पायातून.

कुणाली रडकुंडीला आली. "परत काढू, काकी?"

"काही काढू नको. बोट फिरव."

साईनाथ जवळच उभा होता. "काकी, बोट पयल्यापास्न उजव्या अंगानंच लागते."

"तुला कोनी सांगितला? बोटीनं?"

तो हसला, आणि त्यानंच बोट वळवून तोंड उलट्या दिशेला करून लावली. जी बोट त्याची होणार होती ती त्यानं आपल्या हातानं ह्यांच्या सोयीची करून दिली. मी त्याला आजवर हे बोलून दाखवलेलं नाही. दाखवायला हवं.

पण माणसांच्या सवयी बोटीसारख्या वळत नाहीत. वाडीतली लहानी नावाची म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन थेट पाण्याच्या बाजूला उतरायला निघाली, साईनाथनं दंड धरला म्हणून वाचली. तिनं बोटीला, मला आणि माझ्या माहेराला मनसोक्त नावं ठेवली. कुणालीनं तिच्या कानात कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीच पुढे बसून ओरडायला लागली, "डावीकडनं उतरा रे!"

आमच्या वाडीत कोंबडी शिजली तरी वास चार घरं जातो. पण ही गोष्ट कुणी ह्यांच्यापर्यंत जाऊ दिली नाही.

दसऱ्याला हे काठावर आले. धुतलेला सदरा घातला होता, खिशात बोटीची किल्ली, साईनाथच्या हातात द्यायला. मी पूजेचं ताट घेऊन मागे. हत्यारांची पूजा असते म्हणून विळाही बरोबर घेतला होता.

हे थबकले. "बोट उलटी कोनी लावली?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लहानी म्हातारीला पदर तोंडात कोंबून घ्यावा लागला.

हे सांभाळून बोटीत चढले. उजवीकडच्या बुजवलेल्या भोकावर हात फिरवला. मग वळले आणि डाव्या बाजूचं सॉकेट बघितलं, शेजारचा दांडा बघितला. आपल्या जागेवर बसले आणि डावा हात पुढे केला. साईनाथनं केबलचं टोक त्या हातात दिलं.

पहिल्या खेपेला प्लग बसलाच नाही, घसरला. कुणाली पुढे धावणार, मी तिची वेणी धरून ठेवली. हे पुन्हा लावायला लागले. दात आवळलेले, मान लाल. कडं फिरलं, खट् झालं, चार्जरचा दिवा लागला, आणि तळातला पंप घुरघुरायला लागला.

ह्यांनी प्लगावरचा हात तसाच ठेवून वर बघितलं.

"ही अक्कल कोनाची?"

मी ताटातला विळा उचलला, झेंडूचं फूल वाहून त्यांच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवला. "मुरबाडच्या लोहाराची."

त्यांनी विळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले. माझेही आले. वाडीसमोर आले, येऊ देत.

"साईनाथ," ते म्हणाले. "किल्ली आनलीय तुझ्यासाठी, पन..."

"खिशातच ऱ्हाऊ द्या, काका," साईनाथ म्हणाला. "कवा दमलाव तर हाक मारा. मी हाय."

ह्यांनी प्लग काढला, तोही डाव्या हातानं, आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं. मी अजून काठावरच ताट घेऊन उभी.

"चढ गो, भागी," हे म्हणाले. "उभी काय ऱ्हायलीस?"

मी डावा पाय आधी टाकला. सासूबाई वरून बघत असतील तर बघू दे.