सात उल्लेख

जर्नलला पाठवलेल्या संशोधनलेखावरचं परीक्षकाचं पत्र तिने तिसऱ्यांदा वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं ती मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांच्या लघवीचे नमुने तपासत होती. त्या चार वर्षांवर या गृहस्थाने पाच ओळी खर्च केल्या होत्या. चार ओळींत मोघम कौतुक, आणि पाचवीत खरा मुद्दा: खालील सात निबंधांचा उल्लेख केल्यास लेखाचं मूल्य वाढेल. खाली सात निबंधांची यादी. सातही एकाच माणसाचे.

परीक्षक कोण, हे जर्नल लेखकाला कधीच सांगत नाही. इथे सांगायची गरजही नव्हती. तोंडावर मुखवटा आणि छातीवर नावाची पाटी, असला हा प्रकार. या माणसाला सगळे पाठीमागे 'पंचहजारी' म्हणत. त्याच्या निबंधांचे इतरांनी केलेले उल्लेख पाच हजारांच्या घरात गेले होते, आणि तो आकडा तो प्रत्येक पत्रात सहीखाली छापत असे. मनसब कशी चढत गेली, ते तिला आता कळलं.

"टाक की सात नावं," नवरा भांडी विसळता विसळता म्हणाला. "सहा वर्षं झाली, दर वर्षी नवा करार. हा लेख छापून आला नाही तर यंदाही कायम होणं विसर."

"तुझ्या वर्गातल्या मुलाने कॉपी केली तर असंच म्हणतोस?"

"माझ्या वर्गातली मुलं माझी नोकरी घालवू शकत नाहीत गं."

तो खरं बोलत होता, म्हणून तिला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतल्या काकांना गाठलं. काका तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. नमुन्याच्या नळीवरची चिठ्ठी तिरकी लागली तरी त्यांचं दुपारचं जेवण बिघडायचं.

"काका, पंचहजारींची पद्धत आपण करून पाहिली होती ना?"

"पाहिली? तीनदा घाम गाळला, मॅडम. मशीन बदललं, रसायन बदललं. मला बदलायचं तेवढं राहिलं होतं."

मूत्रपिंड बिघडायच्या एक दिवस आधी लघवीतलं एक प्रथिन वाढतं, असं ते सात निबंध छातीठोकपणे सांगत. काकांच्या वहीत तिन्ही वेळचे आकडे होते. एकदाही वाढ नव्हती. मूत्रपिंड पार बिघडलेल्या मुलांतही नव्हती. तेव्हा 'एवढा मोठा माणूस, आपलंच काही चुकलं असेल' म्हणून ती मूग गिळून गप्प बसली होती. आणि वॉर्डातले डॉक्टर अजूनही 'प्रथिन वाढलं नाही, म्हणजे मूत्रपिंड शाबूत' असं समजून मुलांना मूत्रपिंडाला बाधणारं जहाल औषध चालू ठेवत होते. आता तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. वही कपाटात तिनेच ठेवली होती.

तिने वही घेतली, आकड्यांचा तक्ता केला आणि लेखात एक वाक्य घातलं. सातही निबंध त्यात आले. शेवटच्या संदर्भसूचीत सात नावं ओळीने लागली.

दहा दिवसांत परीक्षकाचं उत्तर आलं: सुचवलेले बदल समाधानकारक, लेख छापावा. त्याने सूची मोजली होती. वाक्य वाचलंच नव्हतं. लोकांचं काम हा माणूस किराण्याच्या यादीसारखं तपासतो, हे पाहून तिला हसू आलं नाही, किळस आली.

चार महिन्यांनी नोकरी कायम करण्यासाठी मुलाखत झाली. मधल्या खुर्चीवर संचालकबाई, आणि त्यांच्या शेजारी बाहेरचे तज्ज्ञ म्हणून खुद्द पंचहजारी. त्यांनी तिच्याकडे पाहून मायेने मान डोलावली.

"मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "ज्येष्ठांच्या कामाची जाण आहे तिला."

"हो, तुमचं काम दिसतंय इथे," संचालकबाईंनी तिचा लेख उघडला आणि मोठ्याने वाचू लागल्या. "'या सात निबंधांत सांगितलेला परिणाम तीनदा प्रयत्न करूनही आम्हाला मिळाला नाही, या चाचणीवर विसंबून मुलांचे औषधोपचार ठरवू नयेत.'"

पंचहजारींनी लेख त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"हा काय चावटपणा आहे?" ते तिच्यावर खेकसले. "मी सात निबंध घालायला सांगितले होते, त्यांची अब्रू काढायला नाही!"

संचालकबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितले होते? कधी?"

फाइलमधून परीक्षकाचं पत्र काढताना ती अजिबात चाचपडली नाही. पत्र तिने संचालकबाईंसमोर ठेवलं.

"परीक्षक कोण होता ते जर्नलने आम्हाला कळवलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "ते सरांनी आत्ता सांगितलं."