नव्या धोट्याची परीक्षा

गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, सुताची कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवायचा, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचा आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढायचा. धोटे सगळ्यांत फिरत. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाई, खोकलाही जाई, त्याचं कुणाला काही वाटत नसे. महारवाड्यातल्या माणसाला मागावर घ्यायचं म्हटलं की मात्र सगळ्यांना एकदम थुंकी आठवायची. म्हणून बापाकडून विणकाम शिकलेला महारवाड्यातला गुंडा कांडीखात्यात कांड्यांवर सूत भरत बसला होता.

खात्याचा मुकादम, जॉबर रावजी, या प्रकाराला विटला होता. खात्यातली चांगली माणसं छातीच्या दुखण्यानं गेलेली त्यानं पाहिली होती. त्यानं धोट्याच्या भोकाला तिरकी खाच पाडून घेतली. बोटानं सूत खाचेत सरकवलं की झालं, तोंडाचं काम नाही.

मॅनेजरसाहेबांनी तो धोटा उलटसुलट करून पाहिला. "वेळ जास्त जातो का?"

"सुरवातीला जाईल, साहेब."

"म्हणजे कापड कमी." तरीही त्यांनी एक दिवस दिला. विणकर सिदू जुना धोटा चालवील, शेजारच्या मागावर रावजीनं सुचवलेला गुंडा नवा. गुंडाचं कापड कमी भरलं तर नवा धोटा बॉयलरमध्ये आणि गुंडा परत कांडीखात्यात.

सिदूनं आपलं वेगळंच ठणकावलं. "त्यानं तोंड लावलं न्हाय तर आमची हरकत न्हाय. लावलं, तर आमी मागच बंद करणार."

दुपारनंतर गुंडा मागं पडू लागला. रावजी त्याच्या पाठीशी उभा होता.

"लई मागं हाय का, दादा?"

"गाठशील. सुताकडं बघ."

गुंडानं गाठलंही. सुटीचा भोंगा व्हायला थोडाच वेळ उरला, तेव्हा सूत खाचेत अडकलं. नखानं ओढलं तर पिंजलं. शेजारी सिदूनं एका श्वासात कांडी बदलली. गुंडाचा माग तसाच थांबलेला. लहानपणापासून बापाच्या मागावर जे केलं तेच त्याच्या हातानं केलं. धोटा ओठांशी गेला, सूत बाहेर आलं, माग सुरू झाला.

सिदूनं आपला माग बंद केला. मग पलीकडचा बंद झाला, मग त्याच्या पलीकडचा. सगळं खातं थांबलं आणि एकट्या गुंडाचा माग खडखडत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

मॅनेजरसाहेब धावत आले. सिदूनं सांगितलं. त्यांनी दोन्ही मागांवरचं कापड मोजलं.

"बरोबरीचं आहे. रावजी, धोटा पास. सगळ्या मागांवर हेच बसवा. आणि याला कांडीखात्यात पाठवा."

रावजी पुढं झाला. "साहेब, आता कुणालाच तोंड लावायचं न्हाय. मग ह्याची अडचण कुटं हाय?"

"मला माग चालू हवेत. ते सुरू होत असतील तर ठेवा त्याला."

रावजीनं सिदूकडं पाहिलं. सिदू हाताची घडी घालून उभा होता. बाकीचेही तसेच.

गुंडानं माग थांबवला. धोटा काढून त्यानं रावजीच्या हातात दिला.

"दादा, बाकीच्यांना देताना खाच जरा रुंद करा. सूत अडकतंय."