मापाचा माणूस

“पुन्हा तुंबले!” साहेब ओरडले, तशा खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाजारातली गल्ली दिसत होती आणि कमानीखाली माणसांचा ढीग साचला होता. माणसं खोटी होती, यंत्राने चाचणीपुरती सोडलेली. पण पाच वाजता हे ऑनलाइन नगर उघडलं की खरी माणसं घरबसल्या आपापलं सोंग घेऊन याच गल्लीत शिरणार होती. मागच्या नगरात लोक पहिल्याच दिवशी असे अडकले, शिव्या घालून निघून गेले आणि परत फिरकले नाहीत. आता पुन्हा तसं झालं तर कंपनीला टाळं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बाई, तुम्ही आत जाऊन बघा,” साहेब म्हणाले. “तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

हे कौतुक की टोमणा, ते साहेबांनाच माहीत. बाईंचं काम नगर तपासण्याचं. बाकीच्यांनी बांधायचं आणि बाईंनी त्यात हिंडून चुका काढायच्या. पाठीशी भिंत नसलेल्या या बाकावर कोण बसेल? एवढ्या मोठ्या चौकात नवख्या माणसाला एकटं नाही वाटणार? जे चालणाऱ्याच्या कामाचं नाही, ते बाई नगरात ठेवत नसत. एका चित्रकाराने आपला मेलेला कुत्रा हुबेहूब रंगवून एका ओट्यावर निजवला होता. तोही बाईंनी काढायला लावला. चित्रकार डोळे पुसत जिन्यात जाऊन बसला आणि बाईंचं नाव ऑफिसात कात्री पडलं. ते त्यांच्या कानावर होतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, निदान त्या तसं दाखवत होत्या.

“गल्लीचं मी बघतो ना,” शेजारच्या खुर्चीतून त्यांचा दीर घाईघाईने म्हणाला. “दादानंतर ती माझ्याकडेच आहे. वहिनी, तुम्ही चौक बघा.”

ऑफिसात वहिनी म्हणू नका, असं बाईंनी त्याला हजारदा बजावलं होतं. आज त्यांना खटकला तो त्याचा आवाज. परीक्षेत कॉपी पकडली गेल्यावर मुलं असं बोलतात.

“भावोजी, सरका जरा.”

त्या आत शिरल्या. गल्लीच्या सुरुवातीला पायऱ्या होत्या, त्यांच्या नवऱ्याने बांधलेल्या, नेहमीपेक्षा बुटक्या. “पडद्यातल्या माणसाचे गुडघे कुठे दुखतात?” असं त्यांनी एकदा जेवताना सुनावलं होतं. “चालवणाऱ्याचे दुखत असतील की,” असं म्हणून तो हसला होता. गेल्या वर्षी तो गेला. पायऱ्या तशाच राहिल्या.

कमानीखाली अंधार होता. बाईंनी नजर कोपऱ्याकडे वळवली आणि त्यांचा हात माऊसवरच थिजला.

तिथे एक माणूस उभा होता. राखाडी, ना नाक ना डोळे. नगर बांधायला घेतलं की बांधणारे आधी असा मापाचा माणूस उभा करतात, त्याच्या शेजारी दार, पायरी, कठडा लावून बघतात आणि काम संपलं की त्याला पुसून टाकतात. तयार मिळतो तो खांबासारखा ताठ असतो. याचा डावा खांदा उतरलेला होता. वर्षानुवर्षं त्या खांद्याला जड बॅग लटकलेली असायची, आणि रोज सकाळी दारात ती बॅग बाईच त्याच्या हातात देत.

“दादाने स्वतःच्या मापाने केलेला,” दीर खालच्या आवाजात म्हणाला. “मागे कुंपणापलीकडे होता. कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. तुम्ही तिकडेही तपासायला येणार म्हटल्यावर माझी तंतरली. अंधार बघून इथे आणून लपवला. गडबडीत पोकळ करायचा राहून गेला, म्हणून माणसं अडतायत.”

“माझ्यापासून लपवलात?”

“तुम्ही काढला असतात.”

खरंच होतं ते. काढलाच असता.

“आता पोकळ करतो. लोक आरपार जातील.”

“त्यांच्या अंगातून लोक जाणार?” बाईंचा आवाज चढला. “नको.”

“मग परत कुंपणामागे नेतो. तिथे तुमच्याशिवाय कोण बघायला जातंय? वहिनी, एवढी एकच गोष्ट. पाया पडतो तुमच्या.”

बाईंना हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. घरी नवऱ्याचे फोटो होते, पण फोटोत माणूस सावरून उभा राहतो. हा खांदा एकाही फोटोत नव्हता.

“सापडलं का काही?” साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

पलीकडच्या टेबलावर चित्रकार पाठ करून बसला होता. त्याचा हात थांबला होता, म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. बाईंनी माणूस ठेवला असता तरी तो चकार शब्द काढणार नव्हता. बाईंना तेच सोसेना.

“तुम्ही एक प्रत काढून घ्या,” त्या दिराला म्हणाल्या.

“आणि तुम्हाला?”

“मला नको. शेजारी दार नाही, पायरी नाही. असे नुसते उभे मला बघवणार नाहीत.”

दिराने प्रत घेतली. बाईंनी स्वतःच्या हाताने माणूस पुसला. पडद्यावरचा ढीग हलला आणि गर्दी भराभर कमानीतून पुढे गेली. साहेबांनी सुस्कारा सोडला.

“होतं काय तिथे?”

“मापाचा माणूस. काढायचा राहिला होता.”

“विसरतात कसे लोक!”

“होतं असं कधीकधी,” बाई म्हणाल्या. कात्रीच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

“आणि या पायऱ्या जरा बुटक्या नाहीत?”

“राहू द्या. चढायला बऱ्या आहेत.”

चित्रकार उठला. बाईंच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून जागेवर जाऊन बसला.

पाच वाजता नगर उघडलं. लोक लोंढ्याने आत आले, कुणी राजा, कुणी मांजर, कुणी नुसतीच टोपी. बाईही त्यांच्यात मिसळल्या. त्या बुटक्या पायऱ्या चढून कमानीखाली आल्या. तो कोपरा आता मोकळा होता आणि लोक त्यावरून बिनधास्त धावत होते.

तिथे पोचल्यावर बाई थबकल्या. मग बाजूला सरकून, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे गेल्या. त्यांच्या मागून कुणी अनोळखी येत होतं. तिथे काय आहे हे न कळताच, तेही वळसा घालून गेलं.