बसलेली बाई

मी एक जुना संगमरवरी दगड आहे, मित्रांनो. अथेन्सच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याकडेला उभा असतो. पण मी सांगतो त्या दिवशी मानेस पाथरवटाच्या छपराखाली गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो. माझ्यावर खुर्चीत बसलेली एक बाई कोरली होती आणि तिच्यासमोर दागिन्यांची पेटी धरून उभी असलेली मुलगी. नावाची जागा कोरी होती.

थडग्यांना बांधायच्या लोकरी फिती विकणारी निकारेते रोजच्यासारखी आली. टोपली तिच्या डोक्यावर. मुलगी लीसिला रिकाम्या हातांनी पुढे.

“घडीभर बसा की, निकारेतेबाई,” मानेस म्हणाला.

“मी बसले तर फिती काय पायांनी चालत जाणार? तुझी दगडाची बाई बसलीय ना, तेवढं पुरे.”

“आई, चल गं लवकर! तुझ्या गप्पा काही संपायच्या नाहीत,” लीसिला पुढून ओरडली.

निकारेते टोपली सावरत निघाली. त्याच रात्री तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

लीसिला आईच्या थडग्यासाठी दगड बघायला आली, तेव्हा मानेसने तिला मी दाखवला.

“ही माझी आई नाही. आई कधी बसलीच नाही. हिला उभी कर.”

“पोरी, संगमरवर तासता येतो, परत चिकटवता येत नाही. बसलेली आता उठायची नाही.”

ती वळली. मला वाटले, हेही गिऱ्हाईक गेले.

“थांब जरा,” मानेस म्हणाला. “समोरच्या मुलीच्या हातात पेटी आहे ना, ती तासून टोपली करतो. फितींची.”

लीसिला त्या दगडी हातांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “कर.”

कोऱ्या जागी निकारेतेचे नाव कोरून मला तिच्या थडग्यावर उभे केले. त्यानंतर दर वर्षी लीसिला यायची. मला पुसायची, तेल चोळायची, फीत बांधून निघून जायची. पावसाने माझ्यावर दिलेले रंग गेले, शेवाळ चढले. मित्रांनो, दगडाला फार काही लागत नाही. माझ्यासारखा कुठे दिसला, तर धूळ पुसा आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचा.

लीसिलाचे केस पिकले. त्या वर्षी तिच्या डोक्यावर आईचीच टोपली होती. ती खाली ठेवून तिने माझ्यावरच्या मुलीच्या हातांवर आपला तळवा टेकवला.

“आई, दे ती टोपली इकडे,” ती म्हणाली. “तू बस.”